भवानीच्या आधीची चूक

मोहसीन संगणक सुरू करण्याआधी कीबोर्ड उलटा करून झटकतो. माऊसला अरेतुरे करतो, पण स्वतः लिहिलेल्या मॅक्रोला अहोजाहो. फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला हाताने मापं दाखवतो. कुणाच्याही घरी गेला की आधी गेट दोनदा उघडून लावून बघतो, मग घरच्यांकडे बघतो.

मी मराठीत एम. ए. केलं. मोहसीन माझा वडूजच्या शाळेतला मित्र. तो सांगलीत नानासोंच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या गेटांची ड्रॉइंग काढतो. म्हणजे त्याचा मॅक्रो, त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, काढतो. रुंदी, उंची आणि नक्षीचा नंबर टाकला की संगणक आपलं आपण अख्खं गेट रेखाटतो आणि मशीन पत्रा कापतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

श्रावणात गेलो तेव्हा त्याची नोकरी टांगणीला लागलेली. काही गेटं कडीची खाच न पडताच बाहेर गेली होती. जतच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता.

"आवं मालक, गेट लय देखणं हाय. पण लागत न्हाई. मेंढरं आमच्या आधी उठत्यात आन् फिराय जात्यात."

नानासोंनी मोहसीनला बजावलं, "उद्या सकाळी शिराळ्याचे हंबीरराव येणार हायेत. आणखी एक गेट बिनखाचेचं गेलं, की तू वडूजला भावाच्या पंक्चरच्या दुकानात. तितं भोकं आयती असत्यात."

मोहसीन दुपारभर तपासत होता. मापं टाकली, खाच हजर. पुन्हा टाकली, पुन्हा हजर.

"माझ्यासमोर लय शाण्यावानी वागत्यात हे," तो पडद्यावरच्या मॅक्रोकडे बोट करून म्हणाला.

"बिघडली ती गेटं कुठली?" मी सहज विचारलं.

त्याने जुन्या ऑर्डरी पाहिल्या. बिघडलेलं प्रत्येक गेट त्या त्या दिवसाचं पहिलं होतं. त्याने कपाळावर हात मारला.

"भवानी!"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मागे एकदा पहिलं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पडद्यावर एररची लाल चौकट आली होती. गिऱ्हाईक उठून गेलं. नानासो भडकले. "भवानीच्या टायमाला यंत्र न्हाई म्हणतंय! भवानी होईस्तोवर त्याला तोंड उघडू देऊ नगंस." मोहसीनने मॅक्रोत तसं लिहून टाकलं. पहिली ऑर्डर होईपर्यंत काहीही चुकलं तरी गप्प बसायचं आणि पुढे जायचं. लिहिलं आणि विसरून गेला.

"पण चुकतं तरी सकाळीच का?" मी विचारलं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. कडीचं ड्रॉइंग, खाचेसकट, नानासोंच्या केबिनमधल्या संगणकात होतं; मॅक्रो ते तिथून उचलायचा. आणि नानासो तो संगणक भवानी झाल्यावर, अगरबत्ती ओवाळूनच सुरू करत. त्याआधी मॅक्रो कडी शोधायचा. कडी सापडायची नाही. मॅक्रो हुकमाप्रमाणे गप्प बसायचा. मशीन पत्रा कापायचं.

मी थक्क झालो. मोहसीन म्हणाला, "कडी मी हिकडं आणीन. पण उद्या दुसरं कायतरी हरवलं तर? ह्या मॅक्रोंनी बोललंच पायजे."

नानासो आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बोलू दे. पण न्हाई म्हणायचं न्हाई, चूक म्हणायचं न्हाई, आन् लाल रंग तर दिसायलाच नगं."

मोहसीन माझ्याकडे वळला. "गड्या, तू मराठी शिकलायस. चूक न म्हणता चूक सांग."

"'किंचित उणीव जाणवते' कसं वाटतं?"

"ह्ये वाचूस्तोवर पत्रा कापून व्हईल."

त्याने स्वतःच चार शब्द टाइप केले, तेवढ्यात हंबीरराव दारात. कडी अजून केबिनमध्येच होती.

मापं टाकली. मॅक्रो थांबला. हळदीसारख्या पिवळ्या चौकटीत अक्षरं उमटली: 'मालक, आधी चहा घ्या.'

हंबीररावांनी चष्मा लावून वाचलं. "आवं नानासो, यंत्र चहा इचारतंय! आमच्या सुनंला सुदिक येवढी रीत न्हाई."

नानासोंनी चहा मागवला. मोहसीन केबिनमध्ये घुसला आणि अगरबत्तीशिवाय बटण दाबलं. नानासोंचा कप ओठांपाशी थांबला.

"मालक, पाव्हण्यांनी चहा घेतला. आता भवानी झाल्यातच जमा," मोहसीन म्हणाला.

"व्हय, झालीच," हंबीरराव म्हणाले. "फुडच्या दाराचं गेटबी हितंच करायचं."

पडद्यावर गेट उमटलं. मोहसीन खुर्चीतून अर्धा उठून खाच शोधत होता. खाच होती.

नानासोंनी कप रिकामा केला. "पंक्चरचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

आता सांगलीत बोलबाला आहे, की नानासोंचं यंत्र चहा विचारतं. लोक मुद्दाम सकाळी येतात. कडी आपल्या संगणकात घ्यायला मोहसीनला दोन मिनिटं पुरतील. एकदा तो घेणारही होता. नानासोंनी त्याचा हात धरला.

"आरं, मग यंत्र चहा कसं इचारंल?"

तेवढं काम राहिलंय.