एक नंबर मोठे बूट

पाय सुजायला लागले तेव्हा डॉक्टरकडे न जाता मी कंपनीच्या स्टोअरमधून एक नंबर मोठे सेफ्टी शूज मागून घेतले. वर स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो.

आमच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम चिखलीहून माझ्याच बसने चाकणला येतात. पुढच्या सीटवर फुटाणे खात बसतात आणि चढणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघतात. नमस्कार केला तर उत्तर येतं, "धाप का लागलीय?" म्हणून मी आपला मागे बसतो.

परवा त्या उठून मागे आल्या, चालत्या बसमध्ये उकिडव्या बसल्या, माझा मोजा खाली सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. सगळी बस बघायला लागली.

"बूट नवीन आहेत, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मला कामावर जाऊच दिलं नाही, थेट रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "हृदयावर ताण आला की ते स्वतःच एक हार्मोन सोडतं. रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींना ते सांगतं, जरा सैल व्हा, मला ओझं होतंय. तुमच्या रक्तात ते हार्मोन खूप वाढलंय. हृदय कधीचं ओरडतंय."

"मग मला कसं कळलं नाही?"

मॅडमनी फुटाण्यांची पुडी मिटली.

"डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींना कळलं, काका. तुम्ही कारखान्यातली एवढी मोठी प्रॉडक्शन लाइन सांभाळता, आणि तुम्हाला कळला फक्त बुटाचा नंबर!"