वय वर्षे पंचवीस

रक्त खोटं बोलत नाही, असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. खरंच आहे ते. खोटं बोलायला फॉर्म असतो — आणि तो भरायला माझ्यासारखा माणूस. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

जव्हारच्या एका खासगी दवाखान्यात मी रक्त काढायचो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. डॉक्टरांनी गरोदर बायकांचं शिबिर भरवलं. पोटातल्या बाळात दोष असण्याची शक्यता किती, ते म्हणे आता आईच्या रक्तावरून कळणार. फीत कापली, भाषणं झाली, नमुने नाशिकला न्यायच्या बर्फाच्या डब्यालाही हार घातला. त्यात दोन तास गेले. डबा नेणाऱ्या एसटीला उरला एक.

फॉर्मवर आईचं वय लागायचं. नाशिकचं यंत्र रक्ताबरोबर त्या वयाचाही हिशेब धरायचं. वय जास्त तर धोका जास्त. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

सूर्यमाळची शेवंती समोर बसली.

"वय?"

"माना काय ठावं, भाऊ? तूच लिही. माझे पोरीला पोर झालाय, नि मी आली परत पोट घेऊन. हस आता!"

हसलो. आजी झालेली बाई — चाळिशीला टेकलेली असणार. मी पंचवीस लिहिलं. घाईत सगळ्यांचं तेच लिहीत होतो.

रिपोर्ट आला — धोका कमी. जास्त आला असता तर नाशिकला पुढची तपासणी झाली असती, बाळाच्या हृदयात दोष असला तर तो कदाचित दिसला असता, बाळंतपण मोठ्या इस्पितळात झालं असतं. ती पाड्यावरच बाळंत झाली. मुलगा अकराव्या दिवशी निळा पडला. गेला.

इथवर निष्काळजीपणा म्हणता येईल. पण पुढचं?

शेवंती दवाखान्यात आली, तेव्हा डॉक्टरांनी तो फॉर्म काढला. तिच्यादेखतच मला विचारलं, "पंचवीस कुणी सांगितलं?"

"तिनेच," मी म्हणालो.

"बाई, वय खोटं का सांगितलंस?" डॉक्टर तिच्यावर ओरडले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ — की मलाच तसं वाटलं? मग म्हणाली, "चुकला माझा."

मी मान खाली घालून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिलो.

पुढच्या शिबिरात फॉर्मवर वयाखाली एक नवी ओळ छापलेली होती : 'रुग्णाने स्वतः सांगितल्याप्रमाणे.' ती मीच सुचवली होती.