मामांनी ठेवलेला उंबरा

आमच्या मामांना सगळे ओळंबा म्हणायचे, भिंत सरळ आहे का ते बघायच्या वजनाच्या दोरीवरून. गवंडीच ते. कुणाकडे गेले तरी आधी भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ करणार, मग बसणार. धर्मप्रांतातल्या जुन्या चर्चांपैकी निम्म्यांना तरी त्यांचा हात लागलेला. एका चर्चला उलट्या होडीसारखं लाकडी छत, एकाला दोनातला एकच मनोरा. "दुसऱ्याच्या वेळेला गवंडीच म्हातारा झाला," असं मामा सांगायचे.

आमचं स्वतःचं चर्च मात्र एवढंसं. माणसं वाढली, निम्मी बाहेर उन्हात उभी राहायची. शेवटी बिशपांनी मोठं बांधायला परवानगी दिली. फादर म्हणाले, एकही रविवार मिस्साची प्रार्थना बंद पडता कामा नये. मग मामांनी जुन्या चर्चच्या भोवतीनंच नव्याच्या भिंती उठवल्या. आत मिस्सा चालू, बाहेर थापी चालू. नवं छप्पर चढलं की आतलं जुनं पाडायचं आणि नव्याच्या दारातून बाहेर काढायचं.

मामी बिथरली ती तिथंच. तिचं लग्न त्या छोट्या चर्चमधे लागलेलं, तिची आई तिथूनच शेवटची निघालेली.

"पाडा तुम्ही खुशाल. त्या गोदामात मी पाय ठेवणार नाही."

"अगं गोदाम काय म्हणतेस? तुझ्या नवऱ्यानं बांधलंय."

"म्हणूनच बोलतेय. परक्यानं बांधलं असतं तर गप्प बसले असते."

मामांना इकडे आड तिकडे विहीर. जन्मातलं सगळ्यात मोठं काम, आणि त्यात बायकोच येणार नाही. घास गोड लागेना त्यांना.

जुन्या भिंती उतरवल्या, पण दाराच्या उंबऱ्याशी मामांचा हात थांबला. चांगला उंच दगड होता, पाय उचलल्याशिवाय आत जाताच यायचं नाही. मामांनी फादरांना विचारलं, "हा इथंच राहू दे का?"

"असा मधोमध? लोक ठेचकाळतील, ओळंबा."

"खाली खणून जमिनीबरोबर बसवतो. मुंगीसुद्धा अडखळणार नाही."

"मग ठेव बाबा."

नव्या चर्चच्या पहिल्या रविवारी मामी आली नाही. दुसऱ्या रविवारी मामा म्हणाले, "बसू नकोस तू. फक्त तुझा उंबरा सरळ बसलाय का बघ. माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही."

मामी फणकाऱ्यानं निघाली. मोठ्या दारातून ताडताड आत आली आणि त्या दगडाशी सवयीनं तिचा पाय वर गेला. सपाट फरशीवर! मागनं कुणीतरी खुदकन हसलं. मामीनं वळून बघितलं तर सगळ्या म्हाताऱ्या तिथं आल्या की पाय उचलतायत. तिलाही हसू फुटलं. मग जाऊन बसली आपल्या जुन्या जागेवर.

परवा मामांना तिथं नेलं. शवपेटीला खांदा देणारी सगळी तरणी पोरं, जुनं चर्च त्यांनी बघितलेलंच नाही. दगडाशी आली तसा मागून मामीचा आवाज आला, "पाय उचला रे. आत चाललेत ते."

पोरांनी उचलले.

आम्हाला वाटलं, आता काही मामी चर्चला यायची नाही. पण रविवारी आली, नातीचा हात धरून. दगडाशी दोघींनी पाय उचलला.