अर्ध्या चेहऱ्याचा गृहपाठ

गोदाबाईंना वाकडं खपत नाही. चेन्नईत अड्यारला त्यांच्या घरात आम्ही खालच्या मजल्यावर भाड्याने आलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचं माझं कॅलेंडर सरळ केलं आणि मग माझं नाव विचारलं. मला रागच आला. मी नाशिकची, सिरुसेरीच्या आयटी पार्कात दहा जणांची टीम सांभाळणारी. मला कुणी असं येऊन सरळ करत नाही. पण बाई तंजावरकडच्या मराठी, एकतीस वर्षं तिसरीला गणित शिकवणाऱ्या, आणि माझी इरा त्यांच्याच वर्गात. कॅलेंडर तसंच राहू दिलं.

त्यांचा हातखंडा धडा सममितीचा. कागद मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूने अर्धंच फुलपाखरू कापायचं, उलगडलं की पुरं. मग त्या घडीच्या रेघेवर बोट फिरवून विचारायच्या, हिकडे जेवढं तेवढं तिकडे हाय का? चुकलेल्या वहीवर त्यांनी दयेपोटीसुद्धा कधी बरोबरची खूण केली नाही. पालक रडकुंडीला येत. मीही एकदा आले होते.

जानेवारीत एका गुरुवारी सकाळी त्या उठल्या, तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली. डोळा मिटेना, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, येईल ताळ्यावर. कधी, ते सांगता येत नाही. डाव्या डोळ्यावर चिकटपट्टी आली. पेला ओठाला न लावता वरून कॉफी ओतून पिणाऱ्या बाई, एक थेंब कधी सांडला नव्हता. आता दर घोटाला पदर हनुवटीशी जाई. मला ते बघवेना. त्यांच्या कानातल्या हिऱ्याच्या कुड्यांकडे बघत मी बोलायला लागले.

शाळेने रजा दिली. सममितीचा धडा श्रीरंजनी नावाच्या नव्या बाई घेणार असं ठरलं. आणि आमच्या डोक्यावर येरझारा सुरू झाल्या. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सकाळ-संध्याकाळ, बारा दिवस. माझंही कामात लक्ष लागेना. बाराव्या दिवशी वर गेले.

"बसा हो जरा," मी म्हणाले.

"बसवत नाहीं गे. उद्यां तो धडा हाय. पुस्तकांत काय चित्र हाय, ठाऊक? अर्धं तोंड. उरलेलं पोरांनीं काढायचं. अन् समोर मी, हें असं तोंड घेऊन. हासतील."

"मग नका ना जाऊ. श्रीरंजनी घेईल."

"घेईल की. अन् उद्यां नाहीं गेलें तर मी पुन्हा वर्गांत पाय ठेवणार नाहीं. मज मी ठाऊक."

त्या थांबल्या नाहीत, बोलता बोलता वळून पुन्हा चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत गेल्या. मी कंपनीच्या बसमध्ये नखं कुरतडत बसले होते. ऑफिसात चार वेळा शाळेचं ॲप उघडलं, जणू तिथे कुणी हसल्याची नोटीस येणार होती. घरी पाय टाकल्या टाकल्या इराला धरलं.

"हसलं का कुणी?"

"पुष्कर हसला. मिस म्हणाली, हसून झालं? आता कात्री घे."

"मग?"

"मग काय? शिकवलं. लाळ आली की पुसत होती."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिने गृहपाठाची वही उघडली. पानावर डावीकडे छापील अर्धा चेहरा, नीटनेटका, हसरा. उजवीकडे इराने काढलेला अर्धा: ओठ ओघळलेला, डोळ्यावर आडवी पट्टी.

"हे काय?"

"मिस."

"अगं, दोन्हीकडे सारखं हवं ना!"

"मिसचं सारखं नाहीये."

ही वही उद्या त्या बाईंच्या हातात पडणार! मी खोडरबर घेतला. इरा किंचाळत होती, "ते माझं आहे, आई!" मी खोडलं. मग फूटपट्टी लावून, अंतरं मोजून, उजवीकडे छान हसरा अर्धा चेहरा काढला. सुबक जमला, खोटं कशाला बोलू.

वही तपासून दुसऱ्या दिवशी परत आली. इराने ती उघडून माझ्यापुढे सरकवली. मी काढलेल्या चेहऱ्यावर लाल फुली होती. इरा पेन्सिल दाबून लिहिते; खोडलं तरी कागदावर वळ राहिले होते. त्या वळांवरून लाल पेनाने सावकाश पुन्हा रेघ ओढलेली होती. ओघळलेला ओठ. डोळ्यावरची पट्टी. खाली माझ्यासाठी मराठीत शेरा: सममिती चूक, पुन्हा करणे. चेहरा बरोबर. आईने खोडरबर वापरू नये.

मी जिना चढून वर गेले. माफी कशी मागायची ते ठरत नव्हतं. त्या गच्चीत कॉफी पीत होत्या, वरून ओतून, आणि ती हनुवटीवरून ओघळत होती.

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल," मी कुड्यांना म्हणाले.

"वाईट वाटतें गे, तर मग? पण तुझी लेक माझ्या तोंडाकडे बघती. तूं पंधरा दिवस माझ्या कानाशीं बोलतीस."

मला रडू फुटलं. तसंच, रडत, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.