हलव्याची बशी

आमच्या वरच्या मजल्यावर एक इराणी लेखक राहत. ऐंशीनंतरची ती वर्षं, तिकडे त्यांचं इराकशी युद्ध चाललेलं. कतारला, दोह्यात आम्ही ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचो. आमचे हे तेल कंपनीत ड्राफ्ट्समन, मुली शाळेत आणि मी दिवसभर घरात. लेखकमहाशय एका गालिच्यांच्या दुकानात कारकुनी करत. तेहरानमध्ये त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली, तेव्हा ते लाँचने आखात ओलांडून आलेले.

शुक्रवारी दुपारी मी भाजी निवडत बसले की ते खाली येत आणि आपल्या कादंबरीची नवी पानं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. फारसीत! मला ओ की ठो कळत नसे. पण लिहिलेलं कुणाच्या तरी कानावर पडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला जांभई आली की तेवढा भाग ते पेन्सिलने खोडून टाकत. आता माझ्या जांभया भरल्या पोटाच्या होत्या, त्यात कितीतरी चांगली वाक्यं हकनाक गेली असतील.

कादंबरी पूर्ण झाली. पॅरिसमधला त्यांचा एक मित्र ती छापायलाही तयार होता, पण लेखकमहाशय अडून बसले. शिराझला त्यांची म्हातारी आई एकटी होती. त्यांच्या जुन्या लेखांपायी सरकारी माणसं येऊन तिच्या घरातली कपाटं उपसून गेली होती. नवं पुस्तक आलं तर तिचं काय होईल, ही एकच धास्ती.

"मग दुसऱ्या नावाने छापा की," असं मी आपल्या मोडक्या हिंदीत सुचवलं, तर भडकलेच. मला ते खानम म्हणत, म्हणजे बाईसाहेब.

"खानम, मुल्क गया, घर गया. अब नाम भी दे दूँ?"

मलाही राग आला. एवढं जीव ओतून लिहायचं आणि ट्रंकेत कोंडून ठेवायचं, याला काय अर्थ? मित्राचे निरोपावर निरोप येत आणि ते "इन्शाल्ला" म्हणून विषय संपवत.

मग एका सकाळी ते दारात उभे. हातात बशी, बशीत तपकिरी हलवा, केशर आणि गुलाबपाण्याचा घमघमाट. मी हरखलेच. आपल्याकडे कुणी असं गोड घेऊन आलं तर दुसरं काय वाटणार? मी मुलींना हाका मारल्या, आमच्या ह्यांना बोलावलं आणि मोठ्यांदा विचारलं, "मुबारक हो! किताब छप रही है ना?"

धाकटीने "थँक यू अंकल!" म्हणून घासही घेतला. आमच्या ह्यांनी त्यांच्या वाढलेल्या दाढीकडे, काळ्या शर्टाकडे पाहिलं आणि माझं कोपर दाबलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्यांच्यात माणूस गेलं की हलवा करतात आणि शेजारीपाजारी वाटतात. आई गेली होती. इथे निरोप पोचला तोवर मातीही होऊन गेली होती.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. "माफ करना, माफ करना," एवढंच म्हणत राहिले.

ते पायरीवर बसले.

"नहीं खानम, आपने ठीक पूछा. अब छपेगी, मेरे नाम से छपेगी. अब वहाँ मेरा कोई नहीं, जिसको तकलीफ दें."

एवढं बोलून ते मुलींच्या देखत ढसाढसा रडले.