पान संपलं तरी वाचन चालूच

दहिसरला पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर संघमित्रा मॅडम चिनी भाषा शिकवायच्या. खालून पीठ उडत यायचं, त्यामुळे तास संपेपर्यंत सगळ्या वर्गाचे केस पिकलेले असायचे. अक्कल मात्र होती तेवढीच.

चिनीचं हे खूळ मॅडमच्या डोक्यात त्यांच्या वडिलांनी, सीतारामबाबांनी घातलं. वाकोल्याच्या खोलीत ते म्हणायचे, "बुद्धाचे कितीतरी ग्रंथ आपल्याकडे उरले नाहीत, चिनीत उरलेत. घरात एकाला तरी वाचता यायला पाहिजेत." भावंडांनी ते कानाआड केलं आणि सुखी झाली. संघमित्राने ऐकलं.

विद्यार्थ्यांची रीत सोपी होती. चिनी अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायचा आणि तोच वाचायचा. मॅडमनी खोडरबर फिरवला. मुलांनी धडेच पाठ केले. वाघाचं चित्र दिसलं की वाघाचा धडा सुरू. मॅडमनी चित्रांवर कागद चिकटवले. मग मुलं कागदाच्या आकारावरून धडा ओळखू लागली!

शेवटी क्लासचे मालक चंद्रप्रकाश सर वैतागले. "मॅडम, पोरांना बोलायला शिकवा, वाचायचं काम मोबाइल करतो. रविवारी पालकांसमोर एकाने तरी न पाहिलेलं पान वाचून दाखवावं. नाहीतर वाचनाची बॅच बंद."

"मनाली वाचेल," मॅडम म्हणाल्या. तास संपल्यावरही मागे थांबून एकेक अक्षर लावत बसणारी ती एकटीच होती.

रविवारचं पान एका पोस्टमनचं होतं. मनालीने ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत सुरुवात केली. काय तो आवाज, काय तो थाट! पालक खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्याच वाक्याला मॅडमनी पानात डोकावून पाहिलं. पोस्टमनचा पत्ता नव्हता, जंगलातून वाघ येत होता. बोट तळाला टेकलं, पान संपलं, मनाली चालूच!

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सर, तिने हे..."

"कमाल केली! झकास! पुढच्या महिन्यापासून दोन बॅचेस. सगळ्यांना अस्संच शिकवा."

जिन्यात मॅडमनी तिला गाठलं. "अगं, पोस्टमन कुठे गेला?"

"घाबरले ना, मॅडम! एवढे लोक बघून एक अक्षर दिसेना. म्हटलं, पाठ आहे ते तरी नीट म्हणावं. कुठे चुकलं का?"

"नाही गं. उच्चार अगदी बरोबर होते."

संध्याकाळी घरी वडिलांच्या फोटोखाली बसून मॅडमनी वडिलांसाठीच आणलेला चिनी ग्रंथ उघडला. मोठ्याने, एकेक अक्षर लावत, थांबत, मागे जात त्या वाचू लागल्या. त्यांच्या आई, सोनूबाई, वाटाणे सोलत बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"किती अडखळतेस गं! आधी नीट पाठ करून घे ना."