मालूबाईचे विधायक भाऊ

लोणखेडीच्या मालूबाईला आईबापांनी एकही भाऊ दिला नाही. भोपाळच्या विधानसभेनं मात्र ती कसर पुरेपूर भरून काढली. दर पाच वर्षांनी, आणि पोटनिवडणूक लागली तर त्याच्याही आधी, तिला एक नवाकोरा भाऊ मिळायचा, तोही गळ्यात हार घातलेला. बुऱ्हाणपुराहून खकनारच्या बाजूला निघालं की हे लोणखेडी लागतं. त्याचा मतदारसंघ निवडणूक आयोगाच्या यादीत शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. त्याचा इतिहासही कुणी लिहिलेला नाही. तो सगळा मालूबाईच्या तोंडी आहे आणि ऐकायचा तर आधी चहा घ्यावा लागतो. चहा नको म्हणणाऱ्याला ती पहिला विधायकसुद्धा सांगत नाही; आमदाराला तिकडं विधायकच म्हणतात.

पहिल्या विधायकाची जीप गावात आली तेव्हा मालूबाई नवी सून होती. निवडून आलेल्या माणसाचं करायचं काय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हार आणायला खकनारला गेलेला माणूस तिकडेच अडकला होता. सासूनं घरात सगळ्यांत नवं लुगडं कुणाच्या अंगावर आहे ते पाहिलं, औक्षणाचं ताट मालूच्या हातात दिलं आणि तिला पुढं ढकललं. मालूनं कुंकू लावलं, ओवाळलं. विधायकांनी खिशात हात घातला. जिनं जन्मात भाऊ ओवाळला नव्हता, तिला ओवाळणीत काय घेतात याची काय कल्पना असणार? डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती म्हणाली, "पैसे नको मले. हापसा द्या."

सासूच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा दगा जो केळीच्या बागेत शिरला तो अंधार पडल्यावरच बाहेर आला. पण हापसा मिळाला. तेव्हापासून गावाची रीतच पडली. विधायक जिंकून आला की मालूबाईनं ओवाळायचं आणि ओवाळणीत गावासाठी एक गोष्ट मागायची. चारचौघांत बहिणीला रिकाम्या ताटानं परत पाठवायची हिंमत कोणत्याच पक्षाला झाली नाही.

दुसरा भाऊ गावातल्या कुत्र्याला भिऊन ट्रॉलीवर चढला आणि सगळं भाषण त्यानं तिथूनच केलं. त्यानं शाळेची खोली दिली. एक जण ओवाळताना हमसून हमसून रडला. हा नक्की मोठं काहीतरी देणार, असं मालूबाईला वाटलं. त्यानं नुसतंच आश्वासन दिलं आणि पुढच्या निवडणुकीत त्याचं डिपॉझिट गेलं. आणखी एक जण दोनदा निवडून आला, पण दोन वेगळ्या चिन्हांवर. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, मी तर जुनाच भाऊ. माझं देऊन झालंय."

"चिन्ह नवं, पार्टी नवी, गळ्यातलं उपरणं नवं," मालूबाई म्हणाली, "मग भाऊच तेवढा जुना कसा काय?"

गावात खांबावरचे दिवे आले ते असे.

एक मागणी तेवढी हटून बसली होती, आणि नेमकी तीच मालूबाईच्या काळजाची होती. गावाला लागून नाला आहे. नाल्यापलीकडच्या वस्तीत तिची एकुलती एक लेक, भागीरथी, दिलेली. मालूबाईच्या ओट्यावरून लेकीच्या घराचे पत्रे दिसतात. पण श्रावणात नाला भरून वाहिला की पायवाट बुडालीच. खकनारवरून फिरून यायचं तर दोन बस आणि अख्खा दिवस, आणि भागीरथीच्या दारात म्हशी, शेतात निंदणी. लग्न झाल्यापासून ती एकाही नागपंचमीला माहेरी आली नव्हती. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण फोनवरून लेकीच्या डोक्याला तेल लावता येत नाही. समोर दिसते आणि येत नाही, याचं मालूबाईला फार दुःख होतं. ते ती लपवतही नसे.

पूल तीन भावांनी कबूल केला होता. तिघांनीही भूमिपूजन केलं, नारळ फोडले, आपापल्या नावाची शिळा बसवली. नाल्यावर तीन शिळा उभ्या राहिल्या आणि पूल काही आला नाही. बाया त्यांच्यावर गोधड्या धुतात. पहिली शिळा जरा उताराला आहे, म्हणून तिच्यासाठी भांडणं होतात.

अशात गेल्या निवडणुकीला भलतंच झालं. बाई निवडून आली. तृप्तीताई, जनावरांची डॉक्टर. लोणखेडीतल्या निम्म्या म्हशी तिच्या हातून व्याल्या होत्या, त्यामुळे मतं भरभरून पडली. गावानं गुलाल उधळला, डीजे लावला, दगासुद्धा दोन पावलं नाचला. नाच थांबल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की आता ओवाळायचं कसं?

चावडीवर सभा बसली. सरपंच निशा, पण सभा चालवायचा तिचा नवरा योगेंद्र. तो म्हणाला, "काकू, इतना क्या सोचना? भाऊ नाही तर बहीण समजा, ओवाळा आणि पूल मागून टाका."

"बाई दारी आली तर तिची ओटी भरतात, बाबा," मालूबाई म्हणाली. "आन ओटी भरताना द्यायचं आपण, घ्यायचं तिनं. तिथं मागता येत नाही."

दगानं डोकं चालवलं. "मग तिच्या नवऱ्याले ओवाळ ना. तोबी येईलच संगं."

"मत नवऱ्याले दिलं होतं का तुम्ही?" मालूबाईनं विचारलं आणि योगेंद्रकडं पाहिलं. निशा पदर तोंडाला लावून हसत सुटली. सभा तिथंच मोडली आणि ठरलं काहीच नाही.

ताई यायच्या दिवशी मालूबाईनं दोन्ही तयारी केली. एका हातात निरांजनाचं ताट, दुसऱ्या हातात खण, नारळ आणि तांदूळ. सगळं गाव तिच्याकडं डोळे लावून उभं. योगेंद्र मागून हळूच "ताट, काकू, ताट" म्हणत होता. ओवाळलं तर पूल मागता येईल आणि भागीरथी श्रावणात घरी येईल, हे मालूबाईला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण तृप्तीताई गाडीतून उतरली, डोक्यावर पदर घेतला आणि थेट तिच्या पायाशी वाकली. मालूबाईनं ताट बाजूला उभ्या दगाच्या हातात दिलं आणि ओटी भरली.

गावानं कपाळाला हात लावला. पाच वर्षांची मागणी तांदळाबरोबर ओटीत गेली.

"काकू, तुम्ही काहीतरी मागता म्हणे," ताई म्हणाली.

"भावाकडून मागते. लेकीकडून काय मागू?" असं म्हणून मालूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघालेल्या कोणत्याही लेकीला विचारतात तसंच विचारलं, "आता परत कधी येशील?"

"येईन की श्रावणात."

"श्रावणात नाही येता येत, बाई. माझीच येत नाही, तू कुठून येशील?"

आणि विधायकांसमोर कधी न रडलेली मालूबाई रडायला लागली. तृप्तीताईनं लेक कुठं असते एवढंच विचारलं. मालूबाईनं पलीकडचे पत्रे दाखवले. ताईनं आधी पत्रे पाहिले, मग मधला नाला पाहिला, आणि कसलाही शब्द न देता ती गाडीत बसून गेली.

"गए पाच साल," योगेंद्र म्हणाला.

श्रावण आला. नागपंचमीच्या दिवशी मालूबाईचा फोन वाजला. "काकू, आम्ही दोघी माहेरी यायला निघालोय. नाल्याशी या." मालूबाई धावत गेली. नाला दुथडी वाहत होता. पलीकडच्या काठावर भागीरथी उभी, तिच्या शेजारी तृप्तीताई, आणि ताईच्या शेजारी छत्री धरून बांधकाम खात्याचे मोठे साहेब.

पलीकडं काय बोलणं झालं ते भागीरथीनं नंतर सांगितलं. साहेब म्हणत होते, "मॅडम, खकनारवरून जाऊ, गाडी आहे." ताई म्हणाली, "हिच्याकडं गाडी नाही. ही जाईल तशी मी जाणार. तुम्ही वाट काढा, आम्ही बसतो." आणि दोघी पोतं अंथरून खरंच बसल्या. त्या बसल्या म्हणून साहेबांनाही जाता येईना.

अलीकडं सगळं लोणखेडी जमलं. बायांनी फेर धरला, गाणी सुरू झाली, कुणीतरी कढईच आणून मांडली. भज्यांचा वास पलीकडं पोचत होता, भजी पोचत नव्हती. साहेब दुपारपासून उपाशी होते. दगानं तर दोन्ही हात तोंडाशी धरून "या ना साहेब, गरम गरम आहेत" असं आग्रहाचं आमंत्रणसुद्धा दिलं. दिवस कलता कलता साहेबांनी आपण होऊन कचेरीत फोन लावला आणि भिजत भिजत नाल्याचं माप सांगायला सुरुवात केली.

दिवाळीनंतर काम लागलं आणि पुढच्या पावसाळ्याआधी पूल झाला. भूमिपूजन केलं नाही, शिळाही लावली नाही. त्यामुळे धुणं धुणाऱ्या बायांची थोडी निराशा झाली.

पुन्हा श्रावण लागला. मालूबाईनं लेकीसाठी साडी आणली, खण आणला, पुरणाची डाळ निवडून ठेवली. नागपंचमीला अजून अवकाश होता. सकाळचीच ती ओटा झाडत होती, नाला भरून वाहत होता, आणि पुलावरून भागीरथी येताना दिसली. अंगावर घरातलं जुनं पातळ, कोपरापर्यंत पीठ, हातात रिकामी वाटी.

"आई, विरजण आहे का गं थोडं? माझं मेलं आंबटढाण झालंय."

मालूबाईनं झाडू तिथंच टाकला. ती आत पळाली, तांदूळ काढले, नारळ शोधला, खण कुठं ठेवला तोच सापडेना. "थांब, थांब, बस तू आधी, ओटी भरू दे मले."

"ओटी कशाची भरतेस आता? गॅसवर दूध ठेवून आलेय मी," भागीरथी म्हणाली, स्वतःच हंडीतलं विरजण वाटीत घेतलं आणि निघालीसुद्धा.

मालूबाई नारळ हातात घेऊन ओट्यावर बसली. दगा बागेतून आला आणि लेक का थांबली नाही म्हणून विचारू लागला. तिला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

"दूध उतू जाईल ना तिचं," ती म्हणाली.